विरोपातील चित्राची पूर्वपीठिका

पत्र ही दोन माणसांमधली गोष्ट आहे, असे आपण साहित्याच्या वर्गात शिकतो आणि पुढे शिकवतो. पण आज आपल्या नावावर येणाऱ्या पत्रांतली पुष्कळशी पत्रे कुणीच लिहिलेली नसतात. तिकीट निश्चित झाले, पुस्तकाची मुदत संपत आली, मागवलेली वस्तू निघाली, संकेतशब्द बदलला, अशी वार्ता देणारे हे लेखन एखादी आज्ञावली करते. तिच्यापाशी मजकुराचा एक ठरीव साचा असतो. त्यातल्या रिकाम्या जागी आपले नाव बसते आणि पत्र रवाना होते. मायना असतो, मजकूर असतो, 'आपले विश्वासू'सुद्धा असते. आणि लग्नपत्रिकेच्या माथ्यावर गणपती असावा तसे त्याच्या माथ्यावर एक चित्र असते: संस्थेचे बोधचिन्ह, पुस्तकाचे मुखपृष्ठ, दिवाळीची पणती.

हे चित्र पत्रात असते की पत्राबाहेर? प्रश्न वरवर पाहता कारागिरांचा आहे, समीक्षकांचा नव्हे. पण पत्र म्हणजे नेमके काय, ते कुणाच्या ताब्यात असते आणि आपण ते वाचत असताना ते आपल्याला वाचत असते का, हे सारे या एका प्रश्नात दडलेले आहे. म्हणून त्याचा इतिहास थोडा सविस्तर पाहावा असे आम्हांला वाटते. मराठी महाजालाने ई-मेलसाठी 'विरोप' हा शब्द घडवला, विद्युत आणि निरोप यांचा जोड. तो सर्वत्र रूढ झाला नाही, पण निरोप या शब्दात संदेशही आहे आणि पाठवणीही. तेव्हा इथे तोच वापरतो.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिला विरोप धाडला, तेव्हा त्यात अक्षरे होती आणि अक्षरांखेरीज काही असू शकेल याची तरतूद नव्हती. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये डेव्हिड क्रॉकर यांनी विरोपाच्या रचनेचे जे मानक सिद्ध केले, 'आरएफसी ८२२' या नावाने जे ओळखले जाते, त्याच्या शीर्षकातच 'मजकुराचे संदेश' असे शब्द आहेत. हा मजकूर सात बिटांचा. सात बिटांत १२८ चिन्हे मावतात: रोमन लिपीची मोठी-लहान अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला दिलेले काही इशारे. फ्रेंच भाषेतला स्वराघात त्यात मावत नव्हता, मग देवनागरीची गोष्ट दूरच. चित्राची त्याहून दूर. त्याच वर्षी, १९ सप्टेंबर १९८२ रोजी, कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस एकापुढे एक ठेवून आडवा हसरा चेहरा सुचवला. चित्राला दार बंद असताना विरामचिन्हांनी खिडकीतून केलेला हा प्रवेश होता, असे म्हणायला हरकत नाही.

अर्थात चित्रे पाठवण्याची गरज होती, आणि गरज असली की पळवाट निघते. मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८० मध्ये बर्कली येथे अशी एक युक्ती रचली: चित्राचे वा आज्ञावलीचे बिट घ्यायचे, त्यांचे सहा-सहाचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटासाठी एक छापता येण्याजोगे चिन्ह वापरायचे. चित्र असे अक्षरांचे सोंग घेऊन विरोपातून जाई आणि पलीकडचा माणूस ते सोंग हाताने उतरवी. अडचण अशी की या सोंगात मोकळी जागा हेदेखील एक अक्षर होते आणि वाटेतली काही यंत्रे ओळीच्या शेवटची मोकळी जागा निरुपयोगी समजून छाटून टाकत. आयबीएमच्या जुन्या यंत्रांची अक्षरसंहिता वेगळी असल्याने तिथून जाताना काही विरामचिन्हे बदलून जात. हस्तलिखितांच्या नकलांमध्ये लेखनिकाने केलेले 'सुधार' ज्यांनी तपासले आहेत त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. फरक इतकाच की पोथीत एक अक्षर चुकले तर पाठभेद होतो, इथे सारे चित्रच नासते.

या सोंगाला नियमांत बसवण्याचे काम नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी केले. बोरेनस्टाइन तेव्हा न्यू जर्सीतल्या बेलकोर या दूरध्वनी-संशोधनसंस्थेत होते. ११ मार्च १९९२ रोजी त्यांनी एक विरोप धाडला. त्यात एक छायाचित्र होते आणि एक ध्वनिमुद्रण. छायाचित्र चौघा गायकांचे. बोरेनस्टाइन स्वतः त्या चौकडीत गात असत आणि तिचे नाव 'टेलिफोन कॉर्ड्‌स' असे होते, म्हणजे तारा आणि स्वरमेळ या दोन इंग्रजी शब्दांच्या सारख्या उच्चारावरची कोटी. एका जुन्या प्रेमगीताच्या चालीवर विरोपाचेच शब्द बसवून त्यांनी ते गाणे मुद्रित केले होते. तंत्रज्ञानाच्या इतिहासातले पहिलेपणाचे क्षण फार वेळा गंभीर करून सांगितले जातात; हा एक क्षण उघडच विनोदी आहे आणि तो तसाच ठेवावा. चित्रे पाठवता येण्याचा एवढा अट्टहास कशासाठी, असे विचारणाऱ्यांना बोरेनस्टाइन म्हणत की पुढे आपल्याला नातवंडे होतील आणि त्यांची छायाचित्रे विरोपाने यावीत अशी आपली इच्छा आहे. नातवंडे झाली आणि छायाचित्रेही आली.

जून १९९२ मध्ये 'आरएफसी १३४१' प्रसिद्ध झाले आणि 'माइम' हे नाव रूढ झाले. त्यात काय आहे, ते थोडक्यात असे. पत्र आता एकसंध मजकूर उरले नाही. ते भागांचे झाले. प्रत्येक भागाच्या डोक्यावर त्याची जात लिहिलेली: हा साधा मजकूर, हे छायाचित्र, हा ध्वनी. भागांच्या मध्ये सीमारेषा. जे मजकूर नाही त्याला 'बेस ६४' या लिपीत उतरवायचे. सव्वीस मोठी अक्षरे, सव्वीस लहान, दहा अंक, अधिकचिन्ह आणि तिरकी रेघ अशी ही चौसष्ट चिन्हे. कोणत्याही यंत्राच्या हाती पडली तरी न बदलणारी म्हणून मुद्दाम निवडलेली. मोकळी जागा त्यांत नाही. तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणून पत्र एकतृतीयांशाने फुगते. सुरक्षिततेची ही किंमत विरोप आजतागायत मोजतो आहे. या मानकाने प्रत्येक पत्रावर 'आवृत्ती १.०' असे लिहिण्याची सक्ती केली, पण आवृत्ती बदलली तर वाचणाऱ्याने काय करायचे हे सांगायचे राहिले. परिणामी ती आवृत्ती कधीच बदलता आली नाही, आणि आज येणाऱ्या विरोपांच्या शीर्षभागातही तो १.० असतो.

इथे एक गोष्ट मराठी वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. ज्या दाराने चित्र आत आले त्याच दाराने देवनागरीही आली. 'माइम'मध्ये भागाची जात सांगताना त्याची अक्षरसंहिताही सांगायची सोय होती. आणि १३४१ च्या पाठोपाठचे १३४२ हे कीथ मूर यांचे मानक विरोपाच्या विषयओळीत रोमनेतर अक्षरे कशी न्यावीत याबद्दलच होते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली होती आणि तीत देवनागरीचा समावेश होता. 'मराठी' हा शब्द घ्या: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे पंधरा, बेस ६४ मध्ये त्यांची वीस अक्षरे होतात. गंमत अशी की देवनागरीचे प्रत्येक चिन्ह बरोबर चार अक्षरांची चौकडी बनते आणि एका शब्दापुरते पाहिले तर प्रत्येक चौकडीची सुरुवात चारचा आकडा आणि मोठा 'के' यांनीच होते. वेलांटी असो वा 'क्ष'मधला 'क', कपाळावर तोच टिळा. म्हणजे आपण मराठीत लिहिलेले पत्र पुष्कळदा त्याच सोंगातून प्रवास करते, ज्यातून पहिल्या छायाचित्राने केला. रोमन मजकूर उघड्या अंगाने जातो. मराठी मजकूर आणि चित्र यांची जात एक.

पण दार उघडले म्हणून पाहुणा लगेच येत नाही. युनिकोड देवनागरी सामान्य वाचकाच्या संगणकावर दिसू लागायला २००० साल उजाडले. तोवर 'शिवाजी' किंवा 'शुषा' यांसारखे टंक होते. ते पलीकडे नसतील तर पत्राची नुसती रोमन रद्दी दिसे. म्हणून परदेशस्थ मराठी मंडळींनी आणि इथल्यांनीही सोपा मार्ग धरला: मजकूर टंकायचा, त्याचे चित्र करायचे आणि ते चित्र पाठवायचे. निमंत्रणे, कविता, श्रद्धांजली अशा चित्रांतून फिरली. अक्षर डोळ्यांना दिसे, पण यंत्राला नव्हे. ते शोधता येत नसे, उद्धृत करता येत नसे. एका भाषेने काही वर्षे स्वतःचे चित्र होऊन दिवस काढले.

आता स्वयंचलित पत्राकडे वळू. १९९४ च्या अखेरीस एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये ज्युडिथ डोनाथ यांनी 'इलेक्ट्रिक पोस्टकार्ड' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. चित्रांच्या मांडणीतून एक निवडायचे, मजकूर लिहायचा, पत्ता द्यायचा. आज्ञावली त्या पत्त्यावर विरोप धाडी. आरंभी दिवसाला दहा-वीस कार्डे जात. पहिल्या उन्हाळ्यात हा आकडा दिवसाला हजार-दोन हजारांवर गेला आणि १९९५ च्या नाताळात काही दिवशी एकोणीस हजारांहून अधिक कार्डे गेली. आमच्या मते या विषयाचा खरा आरंभ इथे आहे. कारण त्या विरोपात चित्र नव्हतेच. त्यात एवढीच वर्दी असे की आपल्यासाठी कार्ड आले आहे, अमुक ठिकाणी जाऊन अमुक क्रमांक सांगावा. टपालखात्यात 'पार्सल आले आहे, घेऊन जा' अशी चिठ्ठी येते, तसे. बहुतेकांचे विरोप-वाचक तेव्हा फक्त अक्षरे दाखवत, त्यामुळे दुसरा इलाजही नव्हता. पण एका निरुपद्रवी सोयीने एक भेद रुजवला: मजकूर वाचकाच्या घरी, चित्र पाठवणाऱ्याच्या घरी.

पुढे विरोपही संकेतस्थळासारखा एचटीएमएलमध्ये लिहिला जाऊ लागला. जुलै १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी सुरू केलेल्या हॉटमेलच्या नावातच ती चार अक्षरे गुंफलेली होती. आता मजकुराच्या मधोमध चित्र हवे होते, शेवटी जोडलेले नको होते. त्यासाठी १९९५ ते १९९८ या काळात काही मानके झाली. त्यांची कल्पना जुन्या पुस्तकांतल्या चित्रफलकांसारखी आहे. मजकुरात 'चित्र तिसरे पाहा' असे लिहायचे आणि गुळगुळीत कागदावर छापलेले तिसरे चित्र पाठीमागे बांधायचे. विरोपात मजकुराचा भाग म्हणतो, इथे अमुक ओळखक्रमांकाचे चित्र. त्याच पत्राच्या पुढच्या भागात तो क्रमांक मिरवणारे चित्र असते. वाचणारी आज्ञावली दोघांची गाठ घालते. ऑगस्ट १९९८ मध्ये लॅरी मासिन्टर यांनी आणखी एक पद्धत मानक केली: चित्राची बेस ६४ अक्षरे थेट मजकुराच्या ओळीतच ओतायची, वेगळा भागच नको. संकेतस्थळांवर ती चालली. विरोपात तिचे नशीब खोटे निघाले. जीमेल तसे चित्र दाखवत नाही, आणि २००७ पासून वर्ड या लेखन-आज्ञावलीच्या आधाराने विरोप मांडू लागलेल्या आउटलुकनेही ते दाखवले नाही. संकेतस्थळासाठी लिहिणाऱ्या नवशिक्यांना याचा धक्का बसतो: आपल्या न्याहाळकात सुबक दिसलेले पत्र गिऱ्हाइकाकडे चौकटीत फुली होऊन पोचते.

राहिला तिसरा मार्ग, इलेक्ट्रिक पोस्टकार्डाचा: चित्र आपल्याच सर्व्हरवर ठेवायचे आणि पत्रात फक्त त्याचा दुवा द्यायचा, वाचणाऱ्याने पत्र उघडले की त्याचे यंत्र स्वतःच ते आणते. हा मार्ग जिंकला, आणि त्याचे पहिले कारण हिशेबाचे आहे. तीस किलोबाइटांचे बोधचिन्ह बेस ६४ मध्ये चाळीसचे होते. एक लाख पत्रांत ते बांधले तर चार गिगाबाइट नुसत्या बोधचिन्हाचे. दुवा दिला तर पत्रात एक ओळ. शिवाय चित्र मागाहून बदलताही येते. ही शेवटची सोय आम्हांला अस्वस्थ करते: वाचकाच्या हाती पडलेल्या पत्रातला अंश लेखकाने नंतर बदलावा, हे कागदाच्या पत्राला कधी शक्य नव्हते.

दुसरे कारण हिशेबाचे नाही. चित्र आणायला वाचकाचे यंत्र पाठवणाऱ्याच्या दारी जाते, तेव्हा पाठवणाऱ्याला कळते की कुणीतरी आले, केव्हा आले, कोणत्या पत्त्यावरून आले. प्रत्येक पत्रातल्या दुव्याला वेगळे नाव दिले की कोण आले तेही कळते. मग चित्र दिसण्याचीही गरज उरत नाही. एक बिंदू रुंद, एक बिंदू उंच, पारदर्शक असे चित्र पुरते. रिचर्ड स्मिथ यांनी १९९९ मध्ये या प्रकाराकडे लोकांचे लक्ष वेधले, आणि 'वेब बग' हे नाव चर्चेत आले. पत्राची शोभा म्हणून आलेली गोष्ट पत्रातला हेर झाली. रजिस्टर पत्राची पोचपावती आपण सही करून देतो, हे जाणून देतो. इथे सही आपल्या नकळत होते.

या हेराचा एक प्रसंग सार्वजनिक झाला. ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीच्या संचालक मंडळातल्या बातम्या बाहेर फुटत होत्या. त्या शोधण्यासाठी २००६ च्या आरंभी कंपनीच्या अन्वेषकांनी एका महिला पत्रकाराला बनावट नावाने विरोप लिहिले आणि त्यातल्या एका जोडपत्रात माग काढणारी अशीच युक्ती दडवली; पत्रकाराने ते आपल्या खबऱ्याकडे पुढे धाडावे आणि खबऱ्याने उघडताच तो सापडावा, असा बेत. सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर या प्रकरणाची सुनावणी झाली आणि कंपनीच्या अध्यक्ष पॅट्रिशिया डन यांना पद सोडावे लागले. पत्रकाराचा खबऱ्या हे टोकाचे उदाहरण खरे. पण ग्रंथविक्रेत्याचे जाहिरातपत्र आणि हे पत्र यांची यंत्रणा एकच आहे.

वाचकाच्या बाजूने प्रतिकार झाला, तो हळूहळू. आउटलुकच्या २००३ च्या आवृत्तीने बाहेरची चित्रे आपणहून आणणे बंद केले; 'चित्रे पाहण्यासाठी येथे टिचकी द्या' ही ओळ तेव्हापासून परिचयाची झाली. ज्यांचे सगळे पत्रच एक चित्र होते त्यांचे पत्र कोरे दिसू लागले. याच सुमारास, २००६ मध्ये, नको असलेली जाहिरातपत्रे पाठवणाऱ्यांनी गाळण्या चुकवण्यासाठी मजकुराची चित्रे पाठवायचा सपाटा लावला आणि गाळण्या केवळ-चित्र असलेल्या पत्रांकडे संशयाने पाहू लागल्या. टंकाअभावी मराठीचे चित्र करून पाठवण्याची आपली निरागस पद्धत आणि ठगांची युक्ती यंत्राच्या नजरेत एकाच रांगेत बसली. भाषेची असहायता आणि लबाडाची चलाखी यांचे बाह्यरूप सारखे असू शकते, हे त्या बिचाऱ्या गाळणीला कुणी सांगावे!

डिसेंबर २०१३ मध्ये जीमेलने चित्रे पुन्हा आपोआप दाखवायला आरंभ केला, पण मधे स्वतःचा दलाल बसवून: चित्र गूगलचा सर्व्हर आणतो, वाचकाचा पत्ता झाकला जातो. पत्र उघडल्याची खबर मात्र पाठवणाऱ्याला अजून मिळू शकते. २०२१ मध्ये ॲपलने वेगळा डाव टाकला. वाचकाने ती सोय स्वीकारली असेल तर पत्र उघडो वा न उघडो, चित्रे आधीच आणून ठेवली जातात. त्यामुळे न वाचलेले पत्रही वाचलेले दिसते. गुप्ततेचा हा उपाय मौनाचा नसून गलक्याचा आहे, आणि आम्हांला तो अधिक कल्पक वाटतो.

साहित्याच्या अभ्यासकांना या साऱ्यात आणखी एक पदर आहे, आणि तो आमच्या लेखी सर्वांत जिव्हाळ्याचा. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडशः छापली, ती घराघरांतल्या दप्तरांत पत्रे टिकली होती म्हणून. लेखकांची आजची दप्तरे विरोपांची आहेत. ब्रिटिश लायब्ररीने २०११ मध्ये कवयित्री वेंडी कोप यांचा संग्रह घेतला, त्यात सुमारे चाळीस हजार विरोप होते. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाने सलमान रश्दींचे जुने संगणकच घेतले आणि २०१० पासून त्यांतल्या एकाचा पडदा जसाच्या तसा अभ्यासकांपुढे उभा केला. अशा दप्तरांत, पत्राच्या पोटात बांधलेले चित्र पत्राबरोबर टिकते. बेस ६४ ची ती कंटाळवाणी अक्षरे पन्नास वर्षांनीही उलगडता येतील, कारण त्यांचा नियम चार ओळींत लिहून ठेवता येतो. दुव्याने आणलेले चित्र पाठवणाऱ्याचा सर्व्हर बंद पडला की जाते.

मग संपादकाच्या हाती काय उरते? चौकटीतली फुली, आणि साचा लिहिणाऱ्याने काळजी घेतली असेल तर चित्राऐवजी वाचायचा पर्यायी मजकूर. तो मूळचा दृष्टिहीन वाचकांसाठी आणि चित्रे न दाखवणाऱ्या यंत्रांसाठी. पुष्कळ संस्था त्या जागी नुसते 'चित्र' असे लिहितात किंवा जागा रिकामी सोडतात. 'माइम'ने १९९२ मध्येच अशीही सोय केली होती की एकाच पत्राची दोन रूपे बरोबर धाडावीत, आधी साधे, मग सजवलेले, आणि वाचणाऱ्याच्या यंत्राने आपल्याला झेपेल ते शेवटचे रूप निवडावे. साधे रूप अजूनही अनेक पत्रांत पहिल्या भागात असते, आणि पत्राचे मूळ पाहण्याची सोय जवळजवळ प्रत्येक विरोप-सेवेत आहे. विद्यार्थ्यांनी एखाद्या संध्याकाळी आपल्याला आलेले कुठलेही यंत्रलिखित पत्र त्या रूपात उघडून पाहावे: आधी शीर्षभाग, त्यात तो १.०, मग सीमारेषा, साधा मजकूर, पुन्हा सीमारेषा. आणि तळाशी, सजवलेल्या रूपाच्या शेवटच्या ओळींपाशी, रुंदी एक, उंची एक असे लिहिलेले चित्र आहे का तेही शोधावे.